यादीत कचऱ्याची ओळ: सीमाभागातलं पर्यावरणपूरक लग्न, पायरीपायरीने

लग्न ठरलं की आपल्याकडे आधी वही येते. दोन्हीकडची मोठी माणसं सोप्यात बसतात, चहा फिरतो आणि यादी सुरू होते. सोनं किती, कपडे कुणाकडे, जेवण कुणाकडे, कार्यालय कुणी बघायचं, मानपान कुणाकुणाचा. शेवटी खाली सह्या. यादीवर जे नाही ते लग्नात कुणाचंच नसतं, हे बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

कचरा या यादीवर कधी नसतो. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयाच्या मागे, नाहीतर गावाबाहेरच्या ओढ्यात सापडतो.

आमच्या घरात गेल्या सात-आठ वर्षांत तीन लग्नं झाली. पहिलं टिळकवाडीतल्या एका कार्यालयात, दुसरं माझ्या भाचीचं, खानापूर तालुक्यात माहेरच्या अंगणात, आणि तिसरं अथणीकडे. पहिल्याच्या वेळी आम्ही 'इको-फ्रेंडली' म्हणून बरंच काही विकत आणलं आणि फजिती करून घेतली. दुसऱ्याच्या वेळी विकत कमी आणलं, वहीत जास्त लिहिलं. खाली आहे ते त्या वहीतलं. पहिल्यांदाच घरचं कार्य अंगावर घेणाऱ्यांसाठी लिहिलंय, तेव्हा जाणत्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

पहिली पायरी: यादीच्या दिवशीच चार ओळी वाढवा

हे काम तीन महिने आधी होतं. नंतर होत नाही, कारण तोवर आचारी, मांडववाला, डेकोरेशनवाला सगळ्यांना विसार देऊन झालेला असतो आणि प्रत्येकाचं म्हणणं "आता ठरलंय की" असं असतं. आमच्या वहीत वाढवलेल्या ओळी अशा होत्या: पाणी कशातून द्यायचं, जेवण कशावर वाढायचं, उरलेलं अन्न कुठे जाणार, कचरा कुणाकडे. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव. 'आपण सगळे बघू' असं लिहायचं नाही.

व्याह्यांच्या देखत हे बोलायला अवघड वाटतं. दादानं सरळ सांगितलं की पाण्याच्या बाटल्या आणि डॉल्बीचे पैसे वाचतील, त्यातून गावजेवणात मांडे करू. व्याही हसले आणि सही केली. पर्यावरण हा शब्द त्या बैठकीत कुणी उच्चारलासुद्धा नाही. माझा अनुभव असा आहे की तो शब्द काढला की चर्चा लांबते.

कार्यालय असेल तर करार करतानाच विचारून घ्या: बाहेरचा आचारी चालतो का, स्टीलची भांडी त्यांची आहेत का, धुण्याची जागा आहे का, ओला कचरा वेगळा नेतात का. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर कार्यक्रमाच्या किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं आणि कचरा वेगळा करून द्यावा, असा दंडक २०१६च्या घनकचरा नियमांपासून आहे. शहरात महापालिकेला कळवा, गावात असाल तर ग्रामपंचायतीला. आपल्याकडे फार कमी लोक कळवतात. आम्ही पंचायतीत एक अर्ज दिला, त्याचा फायदा एवढा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली.

दुसरी पायरी: माणसं मोजा

पत्रावळीवर कितीही वाद घाला, लग्नाचा सगळा भार शेवटी माणसांच्या आकड्यावर असतो. अन्न, पाणी, गाड्या, मांडवाची लांबी, सगळं त्यातून निघतं. आणि इथेच आपलं घोडं पेंड खातं, कारण सीमाभागात पाहुणे दोन राज्यांत पसरलेले असतात. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूर, इकडे हुक्केरी, गोकाक, शिवाय गोव्यातली दोन घरं. बोलवायचं राहिलं तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं.

मी सांगते तो उपाय भावनेला धरून आहे. दोन याद्या करा. मुहूर्ताला यायलाच हवेत अशांची एक, आणि ज्यांना जेवायला बोलवायचं पण मुहूर्ताला नसले तरी चालेल अशांची दुसरी. दुसऱ्या यादीतल्यांना पूजेच्या दिवशी किंवा दुसऱ्या गावी वेगळं साधं जेवण ठेवा. माणसं तेवढीच राहतात, पण एका वेळची गर्दी निम्मी होते. मग कार्यालय लहान चालतं, भांडी पुन्हा वापरता येतात, जनरेटर लागत नाही.

आठ दिवस आधी प्रत्येक घराला फोन करून 'किती जण' हे विचारायचं काम घरातल्या एखाद्या पोरीकडे द्या. आमच्या भाचीच्या चुलत बहिणीनं हे केलं. तिला लोक खरं सांगतात, आम्हाला मोठ्यांना "येतो की सगळे" एवढंच सांगतात.

तिसरी पायरी: वेळ आणि जागा

दिवसाचा मुहूर्त घ्या. साडेबाराच्या लग्नाला दिवे लागत नाहीत, गोरज मुहूर्ताला सगळी रोषणाई लागते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहेच, त्यामुळे रात्रीच्या वरातीवरून पोलिसांशी हुज्जत घालण्याचीही वेळ येत नाही. वीज कमी पडेल असं वाटत असेल तर डिझेल जनरेटर ठरवण्याआधी हेस्कॉम या वीज कंपनीच्या ऑफिसात तात्पुरत्या जोडणीची चौकशी करा.

एप्रिल-मे महिन्यात अंगणात मांडव घालणार असाल तर वळवाचा विचार आधी. बेळगाव-खानापुरात दुपारी तीननंतर ढग भरून आले की वारा मांडव उचलून नेतो, कधी गाराही पडतात. आम्ही जेवणं अडीचला संपतील असा मुहूर्त काढून घेतला होता. पावणेचारला वळीव आला तेव्हा मांडवात फक्त दोन कुत्री आणि आमचे मामा होते.

चौथी पायरी: पत्रिका

थोडक्यात सांगते. व्हॉट्सअपवर सगळ्यांना, छापील फक्त देवाला, कुलदैवताला, भावकीतल्या मोठ्यांना आणि ज्यांना हातात अक्षत दिल्याशिवाय आमंत्रण वाटत नाही अशांना. साठ-सत्तर पत्रिकांत भागतं. कानडी पाहुणे असतील तर एकाच कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी छापा, दोन वेगळ्या पत्रिका नकोत. प्लास्टिकच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या पत्रिका १ जुलै २०२२पासून देशभर बंद आहेत, तरी छापखान्यात विचारतात, तेव्हा नको म्हणा.

पत्रिकेवर गणपतीचं, कुलदेवीचं चित्र छापू नका. नुसतं 'श्री' पुरे. चित्र असलं की ती पत्रिका कुणाला फेकवत नाही, जाळवत नाही, मग ती पिशवीत भरून मार्कंडेय नदीच्या पुलावरून खाली जाते. पेरली की उगवणारी बियांची पत्रिका म्हणून एक प्रकार मिळतो. आमच्या पहिल्या लग्नात आणल्या होत्या, महाग पडल्या. पाहुण्यांनी त्या टीव्हीवर उभ्या करून ठेवल्या.

पाचवी पायरी: जेवण

लग्नाचं खरं ओझं इथे आहे, म्हणून इथे जरा बसून बोलू.

*कशावर वाढायचं.* तीन पर्याय आहेत: स्टीलचं ताट, केळीचं पान, पत्रावळ. कोणता चांगला हे तालुक्यावर अवलंबून आहे. पाणी असेल तिथे स्टील उत्तम. भांडी भाड्यानं मिळतात, पुष्कळ गावांत मंडळाची किंवा देवळाची ताटं असतात. तीन मोठी टबं मांडायची, पहिल्यात खरकटं काढून साबणाचं पाणी, दुसऱ्या-तिसऱ्यात स्वच्छ. धुणाऱ्या बायकांची मजुरी यादीत आधीच धरा. पण अथणीकडे मे महिन्यात लग्न असेल आणि पाणी टँकरचं असेल, तर ताटं धुवायला तेच पाणी ओतणं मला पटत नाही. तिथे पान किंवा पत्रावळ घ्यावी. अथणीत आम्ही तेच केलं.

केळीची पानं आदल्या संध्याकाळी आणायची, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायची. दहाला एक जास्त धरा, कारण वाहतुकीत फाटतात. सुपारीच्या विऱ्यांच्या (पानाच्या बुंध्याकडच्या रुंद, कडक भागाच्या) पत्रावळी आता सगळीकडे मिळतात. पूर्वेकडच्या तालुक्यांत आणि घाटाखाली दुकानदाराशी कानडीत बोलावं लागलं तर केळीचं पान म्हणजे 'बाळे एले', विरीची पत्रावळ म्हणजे 'हाळे तट्टे'. आणि पिशवी पुढे केली की 'प्लास्टिक बेड', म्हणजे प्लास्टिक नको. एवढं कानडी सगळ्यांना येतंच.

आता आमची फजिती. पहिल्या लग्नात मी विरीच्या पत्रावळी दीड महिना आधी घेतल्या, स्वस्त मिळाल्या म्हणून. माळ्यावर ठेवल्या. मध्ये दोन वळीव झाले, कौलातून ओल उतरली. लग्नाच्या आदल्या रात्री गठ्ठा सोडला तर वरच्या चार सोडून बाकी सगळ्यांवर हिरवट-काळी बुरशी. रात्री नऊला बाजारातून मिळतील त्या कागदी प्लेटा आणल्या. दुकानदार म्हणाला, शुद्ध कागद. दुसऱ्या दिवशी एक प्लेट हळूच फाडून बघितली तर कडेला दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा ताणला गेला. आत प्लास्टिक होतं.

तेव्हापासून आमचा नियम: पत्रावळ जास्तीत जास्त आठवडाभर आधी, हातात घेतल्यावर कडक वाजली पाहिजे, आणि घरी आल्यावर एक दिवस उन्हात. कागदी प्लेट किंवा कप घ्यायचीच वेळ आली तर दुकानात एक फाडून बघा. पापुद्रा लांबला तर ती कुजणार नाही आणि कागदाच्या रद्दीतही कुणी घेणार नाही.

टेबलावर अंथरायचा प्लास्टिकचा रोल ही आपली खास आवड. एक पंगत उठली की सगळं खरकटं त्यातच गुंडाळून टाकायचं, काम सोपं. कर्नाटकात मार्च २०१६च्या अधिसूचनेनं तो जाडी कितीही असली तरी बंद केला आहे, त्याच यादीत फ्लेक्स, प्लास्टिकच्या पताका, प्लेटा, कप, चमचेही आहेत. कागदाचा रोलही नको. टेबल ओल्या फडक्यानं पुसायला पंगतीमागे पाच मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

*पंगत की बुफे.* माझं मत पंगतीकडे. बुफेत माणूस रांगेत उभं राहिल्याचा राग ताटात काढतो, एकदाच सगळं वाढून घेतो. पंगतीत वाढपी पुढे आला की आपण हात आडवा धरतो. मात्र वाढपी हवेत. दीडशेची पंगत म्हणजे पंचवीसच्या सहा रांगा, प्रत्येक रांगेला दोन, असे बारा जण सतत फिरते पाहिजेत. सहाशे माणसांना चार पंगती, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटं. बारा पोरं आधी ठरवा, त्यांना आधी जेवू घाला. उपाशी वाढपी ढीग वाढतो आणि मोकळा होतो. वयस्क माणसांसाठी एक रांग टेबल-खुर्चीची ठेवा, गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे.

*किती शिजवायचं.* पोळी-पुरी असेल तर शंभर माणसांना सात-आठ किलो तांदूळ, नुसता भात-आमटीचा बेत असेल तर दहा-बारा, असा आमच्या आचाऱ्याचा हिशेब. आचारी नेहमी वरच्या अंगानं सांगतो, कारण कमी पडलं तर नाव त्याचं जातं. त्याला दोष नाही. त्याच्याशी असं ठरवा: शेवटचा चौथा हिस्सा तांदूळ धुवून ठेवायचा, चुलीवर चढवायचा नाही. तिसरी पंगत बसली की दारावरचा माणूस उरलेली डोकी मोजून सांगेल, मग चढवायचा. भात व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, चौथ्या पंगतीला बरोबर गरम मिळतो. आमच्या लग्नात अकरा किलो तांदूळ असाच कोरडा परत पोत्यात गेला.

बेत चार पदार्थांचा ठेवा. गव्हाची हुग्गी (खीर), वांग्याची भाजी, भात, कट आमटी, वर कोशिंबीर. येळ्ळूरकडचा बासमती ओळखीतून मिळाला तर मसालेभाताला तो घ्या, वास मांडवाच्या बाहेर येतो. पनीर, चायनीज, पाणीपुरीचे काउंटर ही दिखाऊ खोगीरभरती आहे. लोक चार ठिकाणी चाखतात आणि चार ठिकाणी टाकतात. गोडात टिकणारं काही असावं. मांडे त्यासाठी सोन्यासारखे. उपड्या खापरावर भाजून कुरकुरीत घडी घातलेला मांडा दोन-चार दिवस सहज राहतो, उरला तर पाहुण्यांबरोबर जातो. बासुंदी उरली की संध्याकाळी ओतावी लागते.

*पाणी.* दोनशे मिलीची बाटली लग्नातून हद्दपार करा. दोन घोट पिऊन ठेवलेली, कुणाची ते न कळणारी, मग दुसरी उघडलेली. सहाशे माणसांनी तीन-तीन उघडल्या की अठराशे बाटल्या झाल्या. त्याऐवजी वीस लिटरचे जार आणि स्टीलचे ग्लास. उन्हाळ्यात माणशी लिटरभर धरा, सहाशेला तीस जार. दीडशेच्या पंगतीला दोनशे ग्लास पुरतात, कारण ते धुवून पुन्हा येतात. खापर्‍या, माठ, रांजण हवे असतील तर खानापूरची माती त्यासाठी नावाजलेली आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. दारात चार रांजण, ओलं फडकं गुंडाळलेले, त्यात वाळा. लग्नानंतर ते रांजण बागेत झाडांना पाणी झिरपवायला पुरले.

ग्लास मोजून द्या आणि मोजून घ्या. दोनशेचे एकशे ब्याण्णव भरले तर रागावू नका.

*उरलेलं.* वसतिगृह, अनाथाश्रम, वृद्धाश्रम, जिथे द्यायचं तिथे आठ दिवस आधी बोला. किती माणसं, कधी जेवतात, काय चालत नाही. पहिल्या लग्नात आम्ही संध्याकाळी पाच वाजता दोन पातेली घेऊन एका वसतिगृहाच्या दारात उभे राहिलो. तिथल्या स्वयंपाकीण बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ताई, आमटी आंबलीय. पोरांना कशी देऊ?" मान खाली घालून परत आलो. उन्हाळ्यात शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत बांधून निघालं पाहिजे, आणि ते पातेल्यातलं असलं पाहिजे, वाढलेल्या भांड्यातलं नाही. शेवटच्या पंगतीआधी वेगळं काढून ठेवलं तर सगळ्यात बरं.

खरकटं गाईम्हशींना घालायची आपली सवय चांगली आहे, पण बेतानं. भात, बुंदी, पुऱ्या एकदम ढीगभर घातल्या की जनावराचं पोट फुगतं, आम्लपित्तासारखं होतं आणि दगावतंही. दोन-चार गोठ्यांत वाटून, वैरणीत मिसळून द्या.

सहावी पायरी: मांडव

थर्माकोलची अक्षरं, प्लास्टिकची फुलं, हिरव्या स्पंजमध्ये खोचलेले गुच्छ, हे तीन टाळले की बरंच झालं. तो हिरवा स्पंज ओला असतो म्हणून लोक खतात टाकतात, तो कुजत नाही. झेंडू, शेवंती, आंब्याची डहाळी, केळीचे खुंट, चिकोडी-रायबागकडे ऊस. नावं लिहायची तर सुपावर चुन्यानं किंवा कापडावर. कापड भाड्याच्या मांडवाचंच असतं, ते पुन्हा वापरलं जातं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

देवकाची पालवी ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट. आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, ज्याच्या कुळाला जे असेल ते. देवकाला डहाळी पुरते, फांदी लागत नाही. मोहोर किंवा कैऱ्या लागलेल्या आंब्याची अख्खी फांदी तोडून कमानीला बांधलेली बघितली की मला त्या कैऱ्याच दिसतात. आणि खानापूरच्या जंगलातून झावळ्या, वेली, बांबू परस्पर तोडून आणू नका. तिथला मोठा भाग राखीव आहे, भीमगड तर २०११पासून अभयारण्य आहे. बांबू विकत मिळतो.

हळदीला पिवळ्या प्लास्टिकच्या माळांचा सेट लावायची नवीन टूम आलीय. हळद पिवळीच असते, आणखी काय पिवळं करायचंय?

सातवी पायरी: अक्षता

यावर घरात सगळ्यात मोठं भांडण झालं, म्हणून सविस्तर.

मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. तीन बोटांची चिमूट दोन-तीन ग्रॅम, मूठ पन्नासच्या आसपास. लोक प्रत्येक मंगलाष्टकाला टाकतात, मुठीनं घेतात, आणि मागे बसलेल्यांच्या अक्षता पुढच्यांच्या डोक्यावर पडतात. वधूवरांपर्यंत पोचतात त्या पहिल्या दोन रांगांच्याच. लग्न लागलं की चपलांखाली तांदूळ, कुंकू आणि माती यांचा एक लालसर थर होतो. झाडूनसुद्धा तो वर येत नाही.

मी म्हटलं, फुलांच्या पाकळ्या देऊ. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत फुलंच उधळतात. आमची थोरली काकू, वय ब्याऐंशी, म्हणाली, "काय करालायस हे? अक्षताविना लग्न लागतंय व्हय?" तिचं चुकत नव्हतं. शेवटी असं ठरलं: भटजी आणि घरचे दहा-बारा जण यांच्या हातात तांदळाच्या अक्षता, चिमटीनं, आणि त्यांच्या पायाखाली धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं. बाकी सगळ्यांना झेंडूच्या पाकळ्या, पळसाच्या पानाच्या द्रोणात, फक्त शेवटच्या मंगलाष्टकाला टाकायच्या. भटजींनी ते माइकवरून दोनदा सांगितलं, त्यामुळे लोकांनी ऐकलं. त्यांना आधी विश्वासात घ्या, हे विसरू नका.

लग्न लागल्यावर काकूनं स्वतः धोतराची चार टोकं धरली, उचललं, पाखडलं आणि परड्यातल्या कोंबड्यांपुढे टाकलं. जेमतेम पाव किलो तांदूळ भरला असेल. काकू म्हणाली, "बघ, वाया नाही गेलं." जणू ती कल्पना तिचीच होती.

चमचमते कागद उडवणारी नळी मात्र कुणालाही आणू देऊ नका. ते तुकडे पुढच्या पावसाळ्यातही अंगणात सापडतात.

आठवी पायरी: आहेर, कपडे

टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस हे सीमाभागातलं फिरतं चलन आहे. एकाकडून आलेलं दुसऱ्याला जातं, शिवलं कधीच जात नाही. मी एकदा माझ्याच हाताची गाठ असलेला पीस चार वर्षांनी परत घेतलाय. यादीतच ठरवा की आहेर घ्यायचा नाही, द्यायचा नाही, मानपानाची चार घरं सोडून. त्या चार घरांना चांगलं द्या: गुळेदगुड्डचा खण, नाहीतर शहापूर-वडगावच्या विणकराकडून घेतलेली साडी. फेटे भाड्यानं. नवरीचा शालू पुन्हा नेसता येईल असा असावा, एवढंच म्हणते, त्यात मी पडणार नाही.

नववी पायरी: जाणं-येणं आणि वरात

पन्नास जणांची एक बस म्हणजे चार-चार जणांच्या बारा गाड्या कमी. कोल्हापूरहून बेळगाव जेमतेम एकशे दहा किलोमीटर, गडहिंग्लज-चंदगड त्याहून जवळ. वऱ्हाडाची बस एकाच्या नावावर ठरवा आणि वाटेतल्या गावांतून माणसं उचलत आणा. मिरज, कुडची, रायबाग, घटप्रभा, खानापूर या बाजूच्या पाहुण्यांना रेल्वे आहे, पत्रिकेच्या मेसेजमध्येच गाडीची वेळ लिहा. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट नाही. आमच्या हुक्केरीच्या आत्याबाई त्यामुळे हळदीला, लग्नाला आणि पूजेला अशा तीनदा आल्या. राज्याबाहेर धावणाऱ्या गाड्यांना ती सवलत नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या परतपाठवणीला त्या आल्या नाहीत.

वरातीला हलगी, सनई, झांजपथक. डॉल्बीच्या गाडीमागे जनरेटरची गाडी, तिच्या धुरात नवरदेव. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, डॉल्बीसमोर बोलताना आपण ओरडतो तेव्हाच ती कधीच मागे पडलेली असते. पोरं रुसतील. त्यांच्यापैकीच दोघांना हलगीवाले ठरवायला पाठवा.

दहावी पायरी: त्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा

हात धुवायच्या जागेजवळ तीन पिंपं: पानं-पत्रावळी आणि खरकटं एकात, कागद-पुठ्ठा-बाटली दुसऱ्यात, बाकीचं तिसऱ्यात. नुसत्या पाट्या लावून काही होत नाही. पिंपांजवळ एक माणूस उभा पाहिजे, शक्यतो कुणाचा तरी मामा, ज्याचा शब्द पोरं मोडत नाहीत. हात धुतलेलं पाणी चर काढून नारळीकडे वळवा.

बेळगाव शहरात असाल तर वेगळं केलेलं तसंच वेगळं द्या. एकत्र झालं की सगळं तुरमुरीच्या डेपोत एकाच ढिगात जातं. गावात असाल तर खड्डा आठवडाभर आधी खणून ठेवा, विहिरीपासून लांब. सहाशे पानांना सहा फूट लांब, चार रुंद, तीन खोल असा पुरला. तळाला भाताचं पिंजर, त्यावर पानं, विरीच्या पत्रावळी असतील तर तुकडे करून, वर शेणकाला, वर माती, पुन्हा पिंजर. थर हातभर जाड करू नका, वास सुटतो आणि कुत्री उकरतात. केळीचं पान दीड-दोन महिन्यांत मातीला मिळतं, विरीला त्याहून वेळ लागतो. मृगाआधी वरून पत्रा किंवा झाप टाका, नाहीतर खानापूरच्या पावसात खड्ड्याचं डबकं होतं. आमचं झालं होतं.

सफाईला येणाऱ्यांना आदल्या दिवशी नाव घेऊन जेवायचं आमंत्रण द्या आणि पंगतीत बसवा, मागच्या दारानं डबा नको. त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी. ती ओळही यादीत लिहा, रक्कम आणि नावासकट.